जिचं दुखतं तिला फोनवर आणा

सुंदरबाईचं नाव काढलं की पारोळ्यापासून धुळ्यापर्यंतच्या आम्हा व्यापारी लोकांच्या कपाळाला आठ्या पडत. माझ्या अजून पडतात. ती जाऊन दोन वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हे मलाही कळतं, पण ती स्वतः जिवंत माणसांच्या तोंडावर जे बोलायची ते ध्यानात घेता मला एवढी सूट असावी.

धुळ्याच्या गल्ली नंबर पाचमध्ये एक खासगी सूतिकागृह होतं, तिथे ती नर्स. तिथले डॉक्टर हाताला गुणाचे, पण कानाने अधू. समोर बसलेल्याच्या ओठांकडे बघून ते बोलणं समजून घेत. फोनवर ओठ कुठून दिसणार? म्हणून दवाखान्याची वेळ संपली की फोन सुंदरबाईच्या ताब्यात जायचा. दुपारी एक ते पाच, संध्याकाळी आठनंतर, आणि रविवार, सणवार अख्खा दिवस. आसपासच्या तीन तालुक्यांत कोणाच्या घरी बाई अडली, पोर तापलं, आणि गावात कुठे फोन असला, तर तो फोन तिच्याकडे. थांबायचं की निघायचं हे तीच ठरवायची. तिने "आणा" म्हटलं की डॉक्टर भरल्या ताटावरून उठत असत.

तिला पाहिलेल्या लोकांपेक्षा तिचा आवाज ऐकलेले लोक जास्त. दिसायला ठेंगणी, सावळी, चष्म्याची एक काडी मोडलेली म्हणून तिथे काळा दोरा बांधलेला. फोनपाशी स्टुलावर एक पाय वर घेऊन बसायची आणि शेंगा सोलायची. साक्रीकडच्या कुठल्याशा खेड्यातली. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला, दिरांनी घराबाहेर काढलं, मग कोणीतरी नर्सच्या शिक्षणाला लावून दिलं. सरकारी कागदावर असते तशी शुद्ध मराठी तिला येत होती. पण राग आला की अहिराणी सुरू व्हायची, आणि राग यायला तिला फोनची घंटा पुरेशी होती.

"कोन बोलस?" ही सुरुवात. मग "कोनं दुखस?" आणि मग तिचा तो एकच ठरलेला हुकूम. "जिनं दुखस तिले फोनवर आन."

नवरा बोलत असला तरी नवऱ्याचं ऐकायची नाही. बाप असला तरी बापाचं नाही. दुसऱ्याच्या तोंडून आलेली तक्रार तिला चालतच नसे. फारच गळ्याशी आलं, रोगी शुद्धीवर नसला, तर ज्याने त्याचं हगणंमुतणं डोळ्यांनी पाहिलंय त्याला बोलवा म्हणायची. कोणी घासाघीस केली की ओरडायची, "बठ्ठा माले डॉक्टरकी शिकाडतस!", म्हणजे सगळे मला डॉक्टरकी शिकवतात, आणि फोन आपटायची. आमच्या लोकांत तिला धुळ्याची फौजदारीण म्हणत.

आता आमच्या घराबद्दल सांगतो, म्हणजे तिची आणि आमची का जुंपली ते कळेल.

मी प्रकाशचंद. पारोळ्याच्या पेठेत आमची भुसार मालाची पेढी. पुढे पेढी, मागे राहतं घर, मध्ये एक दार आणि त्या दाराला पितळी कडी. माझे वडील सोहनलाल सकाळपासून गादीवर बसत आणि त्यांच्या लोडाशेजारी तो काळा फोन. गावात तेव्हा मोजून पंधरा-वीस फोन होते. आमच्या फोनला बापूजींशिवाय कोणी हात लावत नसे.

आम्ही मारवाडी जैन. आमच्यात सून सासऱ्याच्या कानावर आपला आवाज पडू देत नाही. एक दिवस, दोन दिवस नव्हे, जन्मभर. घुंघट छातीपर्यंत. तिला काही हवं असेल तर ती सासूला सांगणार, सासू सासऱ्याला सांगणार. सासू जवळ नसली तर मोलकरणीला. आणि कोणीच नसलं तर मधल्या दाराची कडी. बापूजींनी गादीवरून मोठ्याने काही विचारलं तर आतून कडी एकदा वाजली म्हणजे हो, दोनदा वाजली म्हणजे नाही. लागोपाठ वाजत राहिली म्हणजे कोणीतरी आत या. मुलानेही बापासमोर बायकोबद्दल शब्द काढायचा नाही. तिचं नाव नाही, तिचं दुखणंखुपणं नाही. आपलंच पोर बापासमोर कडेवर घेत नाहीत आमच्याकडे. तुम्हाला हसू येईल. आम्हाला तेव्हा त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

चौसष्ट साली माझ्या आईला, चंदनबाईला, दुपारी उलट्या सुरू झाल्या. बापूजींनी धुळ्याला ट्रंक कॉल लावला. एक्स्चेंजवर नूर महंमद होता. त्याने लाइन जोडून दिली आणि पलीकडून फौजदारीण उगवली.

"उलटीचा रंग काय?"

बापूजी म्हणाले, "रंग? उलटीसारखा रंग. डॉक्टरांना द्या."

"तुम्ही पाहिली?"

"मी कशाला पाहू? आत साफ केली."

"ज्याने साफ केली त्याला बोलवा."

साफ केली होती भागाबाईने. भांडीधुणं करणारी आमची मोलकरीण. तिला पेढीवर बोलवायचं, गादीजवळ उभं करायचं आणि फोन तिच्या हातात द्यायचा? बापूजींचं तोंड असं झालं की मला भीती वाटली. पण आत आई पुन्हा ओकत होती. त्यांनी फोन खाली ठेवला, स्वतः उठून ओसरीच्या कडेला जाऊन उभे राहिले आणि मला हाताने खूण केली. भागाबाई ओल्या हातांनीच आली. फोनशी कसं बोलायचं ते तिला ठाऊक नव्हतं, तिने तो कपाळापाशी धरला आणि गल्ली ऐकेल अशी ओरडली, "काई शे बाई, चहाना चोथासारखी!"

काळी उलटी म्हणजे पोटात रक्तस्राव होत होता. आईला तासाभरात धुळ्याला नेलं आणि ती वाचली. आभार? बापूजींनी त्या संध्याकाळी धोतराच्या सोग्याने फोन पुसला, तीनदा पुसला आणि म्हणाले, "त्या बाईला माणसाशी बोलायची रीत नाही." मी मान डोलावली. मला तेव्हा खरंच तसं वाटलं होतं.

ती अशी का, ते मला नंतर नूर महंमदने सांगितलं. एक्स्चेंजवर बसणाऱ्या माणसाला दुनियेचं ऐकू येतं. सुरुवातीच्या काळात ती एदलाबादकडच्या एका खेड्यात सुईणपण करत होती. एक माणूस सायकलवर आला, म्हणाला, बायको बाळंत होऊन चार दिवस झाले, थोडा ताप आहे. हिने त्याच्याजवळ पुड्या दिल्या. तिसऱ्या दिवशी ती बाई गेली. अंगावरून जातं त्याला घाण वास येतोय हे त्याला माहीत होतं, पण परक्या बाईला ते कसं सांगायचं म्हणून लाज वाटली आणि त्याने अर्धंच सांगितलं. "तेव्हापासून शेठ," नूर महंमद म्हणाला, "ती नवऱ्याचं ऐकत नाही." मी म्हटलं, एका गाढवापायी सगळ्या जगाला शिव्या कशाला?

माझं लग्न पासष्टला झालं. तारादेवी जळगावची, मेहरूणकडची. माहेरी ती मोकळी वाढलेली, तलावावर मैत्रिणींबरोबर फिरलेली, बोलकी. सासरी आली आणि कडी वाजवायला शिकली. माझ्याशी खोलीत बोलायची, ते तेवढंच. सकाळपासून साठवून ठेवलेलं एकदम बोलायची आणि मी दमलेला असायचो. अर्धं ऐकायचो.

सदुसष्टच्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधी आठ-दहा दिवस तिने मला सांगितलं की दोन महिने झाले, पाळी आलेली नाही. मला आनंद झाला. मग आखाजीच्या तीन दिवस आधी म्हणाली, डाव्या बाजूला ओटीपोटात कळ येते, काल स्वयंपाकघरात डोळ्यांपुढे अंधारी आली. अंगावर थोडा डागही दिसला. आईला सांगते, म्हणाली. आईच्या चुलतबहिणीचं, सूरजबाईंचं, त्या साली वर्षीतप होतं, म्हणजे वर्षभर एकाआड एक दिवस उपास. आखाजीला उसाच्या रसाने त्याचं पारणं होणार होतं. आई त्या तयारीत बुडालेली. मी म्हटलं, "आखाजी होऊ दे. मग सांगू. आत्ता उगाच घरात कल्ला नको." हे माझे शब्द. ते मला पाठ आहेत.

आखाजीच्या दिवशी दुपारी घरातली सगळी माणसं सूरजबाईंकडे पारण्याला गेली. भागाबाईच्या लेकी माहेरपणाला आलेल्या, तिने सुट्टी घेतली होती. गावात झोके बांधलेले, पोरींची गाणी ऐकू येत होती. पेढी सणामुळे बंद, पण बापूजींना गादीशिवाय करमत नसे म्हणून ते अर्धं दार लावून आत बसलेले, आणि मी त्यांच्यासमोर. तारादेवीचं अंग बरं नाही एवढं म्हणून ती मागे राहिली होती. म्हणजे तिच्यात आणि बापूजींच्यात निरोप नेणारी जी जी माणसं होती, ती सगळी त्या दुपारी घराबाहेर होती. राहिलो मी, आणि मला तोंड नव्हतं.

कडी वाजली. वाजत राहिली.

बापूजी म्हणाले, "बघ."

मी आत गेलो. ती कडी सोडून चुलीपाशी जाऊन जमिनीवर आडवी झाली होती. चेहरा पिठासारखा पांढरा, केस घामाने कपाळाला चिकटलेले. "पोट फाटतंय," म्हणाली. "आणि खांदा का दुखतोय कळत नाही. डावा खांदा. बापूजींना सांगा, पाळीचं सांगा, धुळ्याला न्यायला सांगा."

मी बाहेर आलो. बापूजी माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "पोट दुखतंय म्हणे."

"फार?"

मी पायाच्या अंगठ्याकडे बघितलं. "असेल."

बस. एवढंच मी बोललो. ती दोन महिन्यांची होती, तीन दिवसांची कळ होती, अंधारी होती, डाग होता, खांदा होता. हे सगळं माझ्या जिभेवर होतं आणि मी "असेल" म्हटलं.

बापूजींनी धुळ्याला कॉल लावला. सणाची लाइन मोकळी होती, लगेच मिळाली. ट्रंकवर ओरडावं लागतं आणि सुंदरबाई नुसती बोलली तरी ओरडायची. तिचा शब्दन् शब्द मला गादीच्या या टोकाला ऐकू येत होता.

"कोन बोलस?"

"पारोळ्याहून सोहनलाल. घरात जरा पोट दुखतंय. काही गोळी सांगा."

"घरात कोणाचं? नाव आहे का माणसाला?"

"आमची बींदणी. सून."

"तिला फोनवर आणा."

"ती पेढीवर येत नाही. डॉक्टरांना द्या."

"डॉक्टर ऐकत नाहीत. मी ऐकते. लग्न झालेली, वय काय? पाळी चुकलीय का?"

साठ वर्षांच्या आमच्या बापाला परक्या बाईने, फोनवर, मुलासमोर, सुनेच्या पाळीबद्दल विचारलं. त्यांनी फोन ठेवला नाही, फेकला. तो लोडावर उताणा पडला, चालूच राहिला. "बेशरम," ते म्हणाले. "धुळ्याला माणसं संपली का? वाटीभर एरंडेल दे तिला. कोठा साफ झाला की बरं वाटेल."

मी फोन उचलून जागेवर ठेवला आणि उठलो. फळीवरची एरंडेलाची बाटली काढली आणि वाटीत ओतायला लागलो. मला कळत होतं का? थोडं कळत होतं. पण बापूजी म्हणाले ते करणं मला त्या घडीला सोपं वाटलं.

फोन वाजला. बापूजींनी उचलला. नूर महंमद होता. "शेठजी, धुळ्याहून अर्जंट कॉल आहे. सुंदरबाई."

"घेत नाही." ठेवला.

पुन्हा वाजला. पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा बापूजींनी फोन उचलून बाजूला गादीवर उताणा टाकून दिला. त्यातून लांबून नूर महंमदचा आवाज येत राहिला. "शेठजी, ती म्हणते एरंडेल पाजू नका! शेठजी, ती म्हणते पाजलंत तर ती स्वतः फौजदारीत कागद देईल! शेठजी, ती म्हणते तुमचा मुलगा कुठे आहे?"

मी वाटी हातात धरून उभा होतो.

तेव्हा मधलं दार उघडलं. कडी वाजली नाही, दारच उघडलं. तारादेवी भिंतीला धरून पेढीवर आली. आमच्या तीन पिढ्यांत सून त्या दारातून पुढे आलेली नव्हती. घुंघट होता, छातीपर्यंत होता. एक हात पोटावर. तिने माझ्याकडे पाहिलं का ते मला दिसलं नाही. ती गादीच्या कडेला खाली बसली आणि फोन उचलून पदराच्या आत नेला. बापूजी झटक्याने भिंतीकडे तोंड करून बसले. उठून गेले नाहीत. गादी सोडून ते कुठे जाणार, आणि ते बसले असताना ती बोलणार कशी?

नूर महंमदने लाइन जोडून दिली होती, पलीकडून सुंदरबाई ओरडत होती. "कोन शे? बोल ना, माय! तूच का ती? बोल!"

तारादेवी बोलली नाही. मरायला टेकली होती, तरी सासऱ्याच्या कानावर आवाज पडू दिला नाही. असं आम्ही तिला शिकवलं होतं, आणि चांगलं शिकवलं होतं.

मग सुंदरबाईचा सूर बदलला. शुद्ध मराठी, एकेक शब्द सुटा. "सासरा समोर बसलाय का? बरं. तुमच्या घरांतल्या बायका माझ्याकडे बाळंत होतात, मला तुमच्या कड्या माहीत आहेत. तू नख वाजव. फोनवर. हो असेल तर एकदा, नाही तर दोनदा. कळलं?"

टक.

"पाळी चुकलीय?"

टक.

"एक महिना?"

टक टक.

"दोन?"

टक.

"कळ एका बाजूला सुरू झाली?"

टक.

"डोळ्यांपुढे अंधारी? अंगावर डाग?"

टक. टक. दोन प्रश्नांना दोन. मधे थांबून.

"खांदा दुखतोय?"

टक. मग तिच्या गळ्यातून कसलातरी आवाज आला. बोलणं नव्हतं ते.

"हे आज सुरू झालं?"

टक टक.

"घरात कोणाला माहीत होतं? सासूला?"

टक टक.

"नवऱ्याला?"

मी वाटीत पाहत होतो. त्या वाटीतल्या एरंडेलाचा वास मला आजही सहन होत नाही. बापूजींची पाठ माझ्याकडे होती, आणि ती पाठ ऐकत होती. घुंघटाच्या आत नख थांबलं होतं. मला वाटलं ती वाजवणार नाही. आमच्या घरची सून आहे, नवऱ्याला उघडं पाडणार नाही.

टक.

"फोन सासऱ्याला दे," सुंदरबाई म्हणाली.

बापूजींनी मागे न बघता हात पुढे केला आणि फोन घेतला. ती त्यांना काय म्हणाली ते सगळ्या पेठेने ऐकलं असेल. "गर्भ नळीत होता, नळी फुटलीय. आत रक्त साठतंय. आडवी ठेवा, पाय उंच करा, पाण्याचा थेंब देऊ नका. दीड तासात ती माझ्या टेबलावर पाहिजे, नाहीतर धुळ्याला येऊ नका, तिकडेच काय ते उरका. आणि शेठ, तिच्या नवऱ्याला आणा. त्याचं तोंड पाहायचंय मला."

बापूजी अनवाणी धावले. हे मी त्यांच्या बाजूने सांगतो, कारण मी धावलो नाही. मोंढ्यात आमचाच एक ट्रक सरकीची पोती भरून उभा होता. त्यांनी स्वतः पोती खाली ढकलली, चालकाला झोक्यावरून शोधून आणलं, घरातल्या गाद्या ट्रकमध्ये टाकल्या. बावीस मैल. मुकटी ओलांडली तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. बापूजी ट्रकमध्ये तिच्या उशाशी छत्री धरून बसले होते, ऊन लागू नये म्हणून. घुंघट वाऱ्याने उडाला होता. त्यांनी तिचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

सूतिकागृहाच्या दारात सुंदरबाई उभी होती, हातांना साबण लागलेला. डॉक्टर आत तयार होते. तिने स्ट्रेचर आत घेतलं आणि मग माझ्याकडे वळली. मी तिला समोरासमोर पहिल्यांदा पाहत होतो. एवढीशी बाई, माझ्या खांद्याला लागेल एवढी.

"तूच का?"

मी मान हलवली.

"तू कोठे व्हता?"

"पेढीवर."

"फोनपासून किती लांब?"

मी म्हटलं, "तीन हात."

तिने माझ्याकडे बघितलं. मी शिव्यांची वाट पाहत होतो, शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने माझी बाही वर केली, कारण माझं रक्त जुळलं तर घ्यायचं होतं. जुळलं. मी बाटलीभर रक्त दिलं, आणखी घ्या म्हणालो. सुई काढताना ती हळूच म्हणाली, "रगत देनं सोपं शे, भाऊ." मला तिचा राग आला तो तिथे. आजही आहे. तोंड भरून शिव्या दिल्या असत्या तर मी तिला विसरलो असतो.

तारादेवी वाचली. एक नळी गेली. सोळा दिवस ती तिथे राहिली, आणि त्या सोळा दिवसांत ती सुंदरबाईशी इतकं बोलली की आजूबाजूच्या खाटांवरच्या बायका कंटाळल्या म्हणे. मी डबा घेऊन जायचो. मी खोलीत शिरलो की दोघी गप्प व्हायच्या.

घरी आली त्या दिवशी तिने उंबरठ्यावर घुंघट मागे सारला, माथ्यापर्यंत. आई दचकली. बापूजी गादीवर होते, मधलं दार उघडंच होतं. तारादेवी दारात उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "बापूजी, पाया पडते." पेढीवर दोन गिऱ्हाइकं होती. मला वाटलं आता काहीतरी फुटणार. बापूजींनी वही मिटली. मग म्हणाले, "बस, बेटा. ऊन फार आहे." त्या वर्षी त्यांनी फोनला लांब वायर लावून घेतली आणि फोन मधल्या दारापाशी, आतून हात पोचेल असा ठेवला. पुढे गल्लीतल्या बायका आमच्याकडे यायच्या आणि धुळ्याला फोन लावायच्या. तारादेवी त्यांना फोन कसा धरायचा ते शिकवायची. पेढीवर आम्ही पुरुष असलो तर सरळ म्हणायची, "जरा बाहेर जा." बापूजी पहिले उठायचे.

सासऱ्याशी ती बोलते. नोकरांशी, गिऱ्हाइकांशी, भाजीवाल्याशी बोलते. आम्हाला नंतर दोन मुलं झाली, त्यांच्याशी दिवसभर बोलते. माझ्याशी नाही. मी काही विचारलं तर हातात जे असेल त्यावर नख वाजवते. ताटावर, दारावर, पलंगाच्या लाकडावर. एकदा किंवा दोनदा. लोकांसमोर नाही करत तसं, लोकांसमोर मान हलवते. अकरा वर्षं झाली. संसार चालतो तसाही. सुरुवातीला मी चिडलो, एकदा हात उगारला, एकदा जळगावला तिच्या बापाकडे तक्रार घेऊन गेलो. त्यांनी विचारलं, "काय झालं?" आणि मला त्यांनाही सांगता येईना.

सुंदरबाई शहात्तर साली गेली. फोनपाशीच गेली म्हणतात, स्टुलावर, मांडीवर शेंगांची टरफलं. नूर महंमदने सकाळी लाइनवरून कळवलं. फोन तारादेवीने घेतला. मग पेढीवर आली आणि बापूजींना म्हणाली, "सुंदरबाई गेली. मी धुळ्याला जाते."

बापूजी आता नीट दिसत नसलेल्या डोळ्यांनी आवाजाच्या दिशेला वळले. "जा," म्हणाले. "जीप घेऊन जा. माझ्याकडूनही हात जोड."

ती आत गेली, साडी बदलली, पिशवी घेतली. मी मधल्या दारापाशी उभा होतो. मला तिला खूप काही सांगायचं होतं. ते "असेल" मला तोंडातून परत घ्यायचं होतं. त्या बाईसमोर, ती निजलेली का असेना, एकदा उभं राहून सांगायचं होतं की हो, मला माहीत होतं. पण इतक्या वर्षांनी तोंड उघडलं तर त्यातून एवढंच आलं.

"मीही येऊ?"

ती थांबली. माझ्याकडे बघितलं, नीट, घुंघटाशिवाय. मग हात पुढे करून तिने दाराची पितळी कडी धरली.

एकदा वाजली.

मी पायात चपला सरकवायला वाकलो, आणि वाकलेला असतानाच ती दुसऱ्यांदा वाजली.